माळकरी अण्णा आणि ब्रुनेल्लोचं गाव: मोंताल्चीनोचे चार दिवस

“वाइनच्या गावाला वडिलांना घेऊन चाललीस? माळकरी माणसाला?” मावशीनं फोनवर विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई-अण्णा दोन महिन्यांसाठी माझ्याकडे श्टुटगार्टला आले होते. चर्च बघून कंटाळले होते, किल्ले बघून कंटाळले होते, आणि अण्णांचा रोजचा प्रश्न एकच: “इकडं शेती कुठं दिसंना?” निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, बिनबियांच्या थॉमसन जातीची. बागेपासून इतके दिवस लांब अण्णा कधी राहिले नव्हते. तेव्हा मी मनाशी ठरवलं की माणूस वाइन पीत नसला म्हणून काय झालं, वेल तर ओळखतो ना! सप्टेंबर 2024 चा शेवटचा आठवडा, तिकडे द्राक्षतोडणीचे दिवस. फ्लोरेन्स, सिएना असं करत आम्ही इटलीतल्या तोस्कानामधल्या मोंताल्चीनोला, ब्रुनेल्लो नावाच्या लाल वाइनच्या गावाला, गेलो.

शुक्रवार: वर, अजून वर

सिएनाहून 114 नंबरच्या बसनं सव्वा तास लागतो. वाटेत बुओन्कोन्वेंतो नावाचं विटांच्या तटातलं गाव लागतं. सातवा हेन्री नावाचा सम्राट 1313 मध्ये इथंच वारला, हे मी वाचून ठेवलं होतं आणि मोठ्या उत्साहानं सांगितलं. आई म्हणाली, “बरं.” अण्णा खिडकीला नाक लावून बसले होते. भाताच्या खाचरासारखी नाही, पण लाटांसारखी नांगरलेली करडी जमीन, मध्येच एकुलतं एक घर, त्याला सरूच्या झाडांची रांग. मग घाट सुरू झाला आणि डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना द्राक्षं. त्यानंतर अण्णा गावापर्यंत बोलले नाहीत.

मोंताल्चीनो साडेपाचशे मीटरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर बसलेलं आहे. गावाचं नाव इथल्या एका सदाहरित ओकवरून पडलं असं मानतात, आणि गावाच्या चिन्हातही टेकड्यांवर उभं असलेलं तेच झाड आहे. बस उतरवते तिथून मुक्कामापर्यंत सामान ओढत न्यायचं असेल तर एक सांगते: चाकांची बॅग घरी ठेवा, पाठीवरची घ्या. दगडी फरसबंदी, आणि चढ असा की आमच्या आईनं तिसऱ्या वळणावर “सप्तशृंगीला पायऱ्या तरी आहेत” असं जाहीर केलं. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. भाड्याची गाडी घेऊन आलात तर किल्ल्याजवळच्या वाहनतळावर लावून चालत या, नाहीतर दंडाचं पत्र तुमच्याआधी घरी पोचतं.

आम्ही खोली घेतली होती ती एका आजींच्या घरात, वरच्या मजल्यावर. आजींना इंग्रजी येत नव्हतं, आईला मराठीशिवाय काही येत नव्हतं, आणि दोघींचं पहिल्या पाच मिनिटांत जमलं. आजींनी बशीत पांढरी, खडबडीत, हाडकांसारखी दिसणारी बिस्किटं आणून ठेवली. नाव विचारलं तर म्हणाल्या, “ओस्सी दी मोर्तो.” मी फोनवर बघितलं आणि हसू आवरेना. मेलेल्याची हाडं!

आई बशीकडे बघत राहिली. “पितृपक्ष चालूय,” ती म्हणाली, “आणि ही बाई आपल्याला काय देतीय!” शिवाय त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो हे कळल्यावर बशी माझ्याकडे सरकली. बदाम, साखर आणि बलक एवढंच असतं, कुरकुरीत आणि फार गोड नाही. सहाच्या सहा मीच संपवली.

संध्याकाळी किल्ला. सिएनानं हा पाच कोनांचा किल्ला 1361 मध्ये बांधला तो गावाच्या रक्षणासाठी म्हणतात, पण खरं तर गावावर नजर ठेवायलाही. त्याच्या शंभर वर्षं आधी मोंताल्चीनो फ्लोरेन्स आणि सिएना या दोन दांडग्यांच्या मध्ये भरडलं जात होतं. 1260 मध्ये मोंतापेर्तीच्या लढाईत सिएना जिंकलं आणि मोंताल्चीनोचा निकाल लागला. गंमत पुढे आहे. ज्या सिएनाशी भांडण, त्याच सिएनाचा शेवटचा आसरा हे गाव झालं. 1553 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेनं मोंताल्चीनोला वेढा घातला, गाव पडलं नाही. 1555 मध्ये सिएना मात्र पडलं. तेव्हा तिथली शेकडो कुटुंबं इथं निघून आली आणि राजधानी गेलेली असताना त्यांनी चार वर्षं प्रजासत्ताक या डोंगरावरून चालवलं. नाणीसुद्धा पाडली, त्यावर ‘मोंताल्चीनोतलं सिएनाचं प्रजासत्ताक’ अशा अर्थाची अक्षरं. 1559 च्या तहात सगळं फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याच्या कोसिमोकडे गेलं तेव्हाच खेळ संपला.

“म्हणजे जिंजी,” अण्णा म्हणाले.

मी थांबले. मला नसतं सुचलं. रायगड गेला, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि स्वराज्य तिथून चाललं. अण्णांनी मोंताल्चीनोचा इतिहास त्या एका शब्दात बसवला आणि तटावर चढायला लागले. सिएनाच्या प्रसिद्ध घोडेशर्यतीच्या मिरवणुकीत मोंताल्चीनोच्या निशाणाला आजही मानाची जागा आहे, ती या चार वर्षांची परतफेड.

तटावर जायचं तिकीट वेगळं आहे, ते काढाच. आदल्या दिवसांत पाऊस झाला होता, हवा धुतलेली होती. दक्षिणेला मोंते आमियाता, 1738 मीटरचा विझलेला ज्वालामुखी, आमच्याकडे आडवा पसरला होता. तिकडून येणारं वादळ-गारा हा डोंगर बराचसा अडवतो असं इथले लोक सांगतात. अण्णांनी हे ऐकून डोंगराला चक्क हात जोडले.

जेवणाचं सांगायचं तर इथं पिंची मिळतात. बाकी तोस्कानात पिची म्हणतात, इथं पिंची. फक्त पीठ आणि पाणी, हातावर वळलेल्या जाड शेवया, आपल्या शेवयांची थोरली बहीण म्हणा. बहुतेक ठिकाणी रानडुकराच्या मटणाबरोबर देतात, पण दोन प्रकार शाकाहारी आहेत: एक आल्योनेचा, म्हणजे मोठाल्या पाकळ्यांच्या सौम्य लसणाचा टोमॅटोतला रस्सा, दुसरा ब्रिचोलेचा, म्हणजे तेलात परतलेल्या शिळ्या पावाच्या चुऱ्याचा. अण्णांनी दुसरा खाल्ला आणि म्हणाले, “फोडणीच्या पोळीसारखं लागतंय.” पाव मात्र अळणी. तोस्कानात पावात मीठ घालतच नाहीत. आईनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली आणि प्रश्न मिटला.

शाकाहारी मंडळींसाठी: भाजीचं सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात शिजवलंय का हे विचारा, भाज्यांच्या नावामागे कधीकधी डुकराची चरबी लपलेली असते. पेकोरीनो चीज मेंढीच्या दुधाचं, फार चवदार, पण ते विरजायला प्राण्याच्या पोटातला अर्क वापरतात. माळकरी माणसाला हे आधी सांगितलेलं बरं, नंतर सांगितलं तर जेवण कडू होतं. आणि दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट संध्याकाळी सातला उघडतात. मधल्या वेळेसाठी जवळ काहीतरी ठेवा.

शनिवार: एकादशी

आदल्या रात्री आईनं सांगितलं, उद्या इंदिरा एकादशी. मी वाइनरीची भेट नेमकी त्याच दिवशी ठरवून बसले होते. अण्णा शांत. “वाइनरी म्हणजे बागच ना? चल की.”

बाग गावाच्या खाली, दक्षिण उताराला. छोटं कुटुंब, स्वतःची बाग, स्वतःचं तळघर. आधी ईमेल करून वेळ घेतली होती. इथं बहुतेक ठिकाणी तसं करावंच लागतं, तोडणीच्या दिवसांत तर नक्कीच. ईमेलमध्ये मी एक ओळ घातली होती: ‘माझे वडील द्राक्षं पिकवतात, ते पीत नाहीत, त्यांना फक्त वेली बघायच्या आहेत.’ त्यामुळे असेल, मालकीणबाईंनी आम्हाला आधी तळघरात न नेता सरळ शेतात नेलं.

अण्णा पहिल्या ओळीशी खाली बसले. चिखल झाला होता, पण वरचा थर खरखरीत होता. त्यांनी मूठभर उचलली, दाबली. करड्या पापुद्र्यांचे तुकडे झाले, आणखी दाबल्यावर भुगा झाला. “हा तर मुरूम!”

इथं त्याला गालेस्त्रो म्हणतात. पाणी धरत नाही, मुळं खोल ढकलतो. मालकीणबाई हे इंग्रजीत सांगत होत्या, मी मराठीत, आणि अण्णा माझ्याआधीच मान हलवत होते. मग सुरू झाली ती अशी जुगलबंदी, जी मी जन्मात विसरणार नाही. अण्णांनी आडव्या फांदीवर हात ठेवला: “ओलांडा.” बाईंनी त्याच फांदीवर हात ठेवला: “कोर्दोने.” अण्णांनी बोटांची कात्री केली, एक बोट वर केलं, भुवई उंचावली. एकदाच छाटता? बाईंनी एक बोट दाखवलं, अंगावर शहारा आल्याचा अभिनय केला. हिवाळ्यात, एकदा. अण्णांनी दोन बोटं दाखवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. बाई माझ्याकडे वळल्या: “दोनदा? मग वेल झोपते कधी?”

मी भाषांतर केलं. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. “सांग त्यांना, आमच्याकडं कुणीच झोपत नाही.”

तोडणारे सात-आठ जण होते. त्यातला एक पोरगा हरियाणातल्या कर्नालकडचा निघाला. अण्णांचं हिंदी आणि त्याचं हिंदी यांच्यात बरंच अंतर होतं, पण दोघांनाही हक्काचा माणूस मिळाला. त्यानं दाखवलं की खालच्या तारेत वीज सोडलेली आहे, रानडुकरांसाठी. डुकरं नेमकी पिकलेली द्राक्षं ओळखतात आणि एका रात्रीत ओळ साफ करतात. पावसामुळे घडांच्या आतून कूज सुरू झाली होती, ती कात्रीनं काढून चांगला घड क्रेटमध्ये टाकायचा. अण्णांनी त्याच्या हातातली कात्री मागून घेतली. पुढचा अर्धा तास त्यांनी मोंताल्चीनोत फुकट मजुरी केली.

इथली द्राक्षं सान्जोवेझे जातीची. ‘जोव्ह देवाचं रक्त’ असा नावाचा अर्थ सांगतात. आमच्या थॉमसनच्या मण्यापुढे हा मणी अगदी बारका, काळाजांभळा, जाड सालीचा आणि बियांचा. एकादशीचा फराळ म्हणून अण्णांनी एक घड तिथंच खाल्ला, बी दाताखाली फोडलं, आतून तपकिरी झालंय का ते बघितलं. “बी सांगतंय माल तयार आहे म्हणून. आपण बीच घालवून बसलोय, विचारायचं कुणाला?” बाईंनी खिशातून द्राक्षातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला तेव्हा तर दोघांचं ओळखीचं हसू बघण्यासारखं होतं. आमच्याकडे 16 ते 18 ब्रिक्स साखरेला माल उतरतो. इथला 24 च्या घरात होता.

मग आकडे निघाले. ब्रुनेल्लोसाठी हेक्टरी 8 टनांपेक्षा जास्त माल घ्यायला नियमानंच बंदी आहे. मी एकरात करून सांगितलं: सव्वातीन टन. अण्णांना आधी वाटलं मी चुकले. “एकरी दहा टन निघाले नाहीत तर आपल्याकडं बँकवाला दारात येतो, आणि इथं जास्त निघाले तर गुन्हा?” जास्तीचे घड उन्हाळ्यातच कापून जमिनीवर टाकतात. विरळणी आपणही करतो, पण ती मणी फुगावा म्हणून. इथं उलट, मणी फुगलेला नकोच. पाणीसुद्धा वेल अगदी अडचणीत आली तरच द्यायचं.

तळघरात शिरताना आई बाहेरच थांबली, “वास सोसायचा नाही” म्हणून. अण्णा आत आले. ओकची पिंपं, काही खोलीएवढी मोठी, काही 225 लिटरची छोटी. नियम असा की ब्रुनेल्लो शंभर टक्के सान्जोवेझेचीच, किमान दोन वर्षं लाकडात, नंतर बाटलीत, आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या 1 जानेवारीआधी विकायची नाही. रिझेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर आणखी एक वर्ष.

इथं अण्णांनी तो प्रश्न विचारला जो आजवर कुठल्या पर्यटकानं विचारला नसेल. “पाच वर्षं माल घरात. मग व्याज कोण भरतं?”

बाई खळखळून हसल्या. मग कोपऱ्यातल्या वेगळ्या लेबलाच्या बाटल्यांकडे बोट दाखवलं. रोस्सो दी मोंताल्चीनो. तेच द्राक्ष, तोच डोंगर, पण वर्षभरात विकायला परवानगी. 1980 च्या दशकात हा दर्जा वेगळा काढला गेला तो यासाठीच. ब्रुनेल्लो पिंपात निवांत पडून राहते आणि रोस्सो पगार, डिझेल, औषधं भागवते. “खेळतं भांडवल,” अण्णा म्हणाले. त्यांना वाइनधंदा समजला होता, आणि मला तो चार लेख वाचून समजला नव्हता.

चव मी घेतली. पेल्यात रंग काळाकुट्ट नाही, पाणी घातलेल्या कोकमाच्या आगळासारखा. आंबटसर, नंतर आवळा खाल्ल्यावर जिभेला येते तशी तुरट ओढ, आणि बऱ्याच वेळानं आतून काहीतरी गोडसर. अण्णांनी पेला हातात घेतला, नाकाशी नेला, परत ठेवला. बाईंनी आग्रह केला नाही. त्यांना माळेचा अर्थ मी सांगितलाच नव्हता, पण गळ्याकडे बघून त्यांना काहीतरी कळलं असावं.

निघताना मी सांगितलं की सान्जोवेझे महाराष्ट्रातही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली कंपनीनं ती लावली, आणि तिथं वाइन बनवायला पिएरो मासी नावाचा तोस्कानाचाच माणूस येत असतो. अण्णा उडालेच. “अकलूजला? तिथं तर मी तुकोबांच्या पालखीबरोबर रिंगण बघितलंय. ऊस सोडून काही दिसलं नव्हतं!”

संध्याकाळ: चांदण्यांची भिंत

गावाचा चौक म्हणजे पियाझ्झा देल पोपोलो. चौक म्हणायचं इतकंच, तीन गल्ल्या एकत्र येऊन झालेला तो त्रिकोण आहे. पालाझ्झो देई प्रिओरी ही जुनी कचेरी, तिचा घड्याळाचा मनोरा इतका बारीक की वाऱ्यानं वाकेल असं वाटतं. कमानीखाली कोसिमो मेदिचीचा पुतळा, 1564 चा. ज्यानं प्रजासत्ताक गिळलं त्याचाच पुतळा गावाच्या कचेरीत, पाच वर्षांच्या आत. अण्णा म्हणाले, “सगळीकडं सारखंच.”

समोर 1888 सालचा कॅफे, आरसे, संगमरवरी टेबलं, लाल मखमली बाकं. हा कॅफे फेरुच्चो बिओन्दी सांती यांनी काढला, आणि ज्याला पहिली ब्रुनेल्लो म्हणतात तीसुद्धा त्याच साली, त्याच माणसानं. इटलीच्या एकीकरणासाठी गॅरिबाल्डीबरोबर लढून आलेला हा गृहस्थ. त्याच्या आजोबांनी, क्लेमेंते सांतींनी, 1869 च्या एका कृषी प्रदर्शनात ‘ब्रुनेल्लो’ म्हणून लाल वाइनला बक्षीस मिळवलं होतं. नातवानं त्यापुढे जाऊन बागेतल्या निवडक वेली वेगळ्या काढून वाढवल्या. त्या काळात फिलॉक्सेरा नावाची कीड युरोपच्या वेलींची मुळं खात सुटली होती. उपाय म्हणजे अमेरिकन खुंटावर कलम. “आपलं डॉगरिज,” अण्णा म्हणाले. बरोबर आहे, फक्त आपण तो खुंट खारट पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून वापरतो.

कॉफी उभ्यानं प्या, बसलात तर दर वेगळा. आम्ही बसलो. आईचे पाय दुखत होते आणि मखमल तिला आवडली.

कचेरीच्या भिंतीवर चिनीमातीच्या फरशा बसवल्या आहेत. 1992 पासून दर वर्षी एक, त्या हंगामाची. आम्ही बघितलेल्या फरशांवर चित्र आणि हंगामाला दिलेल्या चांदण्या, एक ते पाच. 2010 ला पाच. 2002 ला दोनच, त्या वर्षी पावसानं पाठ सोडली नव्हती. अण्णा भिंतीसमोर बाजारभावाच्या फळ्यासमोर उभं राहावं तसे उभे राहिले आणि 2014 च्या फरशीपाशी थांबले. ते इथंही पावसाचं वर्ष, काही जुन्या घराण्यांनी त्या साली ब्रुनेल्लो काढलीच नाही. आमच्याकडे त्या मार्चमध्ये गारपीट झाली होती. मला आठवतं, मी दहावीला होते आणि आई ओसरीवर बसून होती.

“वाईट वर्षाचीही फरशी लावतात,” ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

रविवार: सुट्टीची बस

सान्त आंतिमोचा मठ गावापासून सुमारे दहा किलोमीटरवर, कास्तेल्नुओवो देल्लाबातेच्या खालच्या दरीत. जाताना टॅक्सी केली, येताना बसनं येऊ असं ठरवलं. वेळापत्रकात बसपुढे ‘फेरियाले’ लिहिलेलं होतं. फेरिए म्हणजे सुट्ट्या एवढं इटालियन मला येत होतं. मग रविवारी बस असणारच.

ती बस आलीच नाही, ते पुढे सांगते.

मठ आधी. उघड्या शेतात ऑलिव्हच्या झाडांमध्ये एकटं उभं असलेलं फिकट दगडाचं चर्च, शेजारी मनोरा, मनोऱ्याला लागून एक उंच सरू. शार्लमेन राजानं 781 मध्ये इथं मठ वसवला अशी दंतकथा आहे. आत्ताचं चर्च 1118 च्या सुमारास सुरू झालं. 1462 मध्ये दुसऱ्या पायस पोपनं मठ बंद केला आणि मग शतकानुशतकं इथं गुरं बांधली गेली, धान्य साठवलं गेलं. आत शिरलं की थंड, आणि उजेड वेगळाच. काही दगड ऑनिक्सचे आहेत, ऊन पडलं की ते आतून मेणासारखे उजळतात. एका खांबाच्या माथ्यावर बायबलमधला, सिंहांच्या गुहेतला दानिएल कोरलाय. मधोमध तो हात जोडून शांत, आणि दोन्ही बाजूंना सिंह त्याच्या शत्रूंना फाडून खातायत. आई मान वर करून बराच वेळ बघत होती. “प्रल्हाद दिसतोय,” ती म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही.

साधूंचं ग्रेगोरियन पठण, म्हणजे लॅटिनमधलं सामूहिक स्तोत्रगायन, ऐकायचं असेल तर ते असतं का आणि कधी हे आधी बघून जा. आम्हाला दुपारचं मिळालं. शब्द कळत नव्हते, पण एकानं सूर धरायचा आणि बाकीच्यांनी तो उचलायचा ही पद्धत अण्णांना पाठ आहे. त्यांचा उजवा हात मांडीवर टाळ वाजवत होता.

मग बस. थांब्यावर आम्ही एक तास. आईच्या राजगिऱ्याच्या वड्या संपल्या. तेवढ्यात एका जुन्या तीनचाकी टेम्पोतून शेतकरी ऑलिव्हची जाळी घेऊन गेला आणि अण्णा ओरडले, “ॲपे! बारामतीची ॲपे!” मी सांगितलं, बारामतीची नाही, इथलीच. याच तोस्कानात पोंतेदेरा गावी पियाज्जो कंपनीनं ती 1948 मध्ये पहिल्यांदा काढली. आपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. बारामतीचा कारखाना पुष्कळ नंतरचा. अण्णांना हे पटायला वेळ लागला.

शेवटी चर्चमधून बाहेर पडलेल्या एका मध्यमवयीन बाईंनी गाडी थांबवली. वेळापत्रक दाखवलं तेव्हा त्या कपाळावर हात मारून हसल्या. फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, शनिवारसकट. सुट्टीचा दिवस म्हणजे फेस्तीवो. तेवढा एक शब्द लिहून ठेवा, तोस्कानातले सगळे रविवार वाचतील.

त्यांच्या छोट्या पांडा गाडीत आम्ही तिघं कोंबून बसलो. त्यांचे वडील अर्धलीनं शेती करायचे, त्या सांगत होत्या. जमीन मालकाची, राबणं यांचं, पीक निम्मंनिम्मं. 1964 मध्ये कायद्यानं नवे असे करार बंद झाले. त्याच साली उत्तर-दक्षिण मोठा महामार्ग पूर्ण झाला, तो इथून लांबून गेला आणि जुन्या रस्त्यावरची वर्दळ आटली. लोक शहरात निघून गेले. सिएना जिल्ह्यातल्या गरीब गावांत तेव्हा मोंताल्चीनोची गणना व्हायची. ब्रुनेल्लोला सरकारी दर्जा मिळाला 1966 मध्ये, सर्वांत वरचा 1980 मध्ये. आज तिच्या बागा दोन हजार हेक्टरांच्या वर आहेत. “माझा भाऊ गेला,” बाई म्हणाल्या, “चार वर्षं थांबला असता तर आज श्रीमंत असता.” अण्णा म्हणाले, विचार तिला, तेव्हा एकरी भाव काय होता. मी विचारलं नाही.

सोमवार: 2019

सकाळी दरीत धुकं भरलं होतं आणि फक्त टेकड्यांचे माथे वर. बसला दीड तास होता. मी किल्ल्याजवळच्या एका दुकानात स्वतःसाठी रोस्सो बघत होते. तिथं बाजूच्या कप्प्यात ब्रुनेल्लोच्या बाटल्या मांडलेल्या होत्या, त्या वर्षी विक्रीला आलेल्या. सगळ्यांवर 2019.

अण्णांनी एक उचलली. लेबलवरचा आकडा अंगठ्यानं पुसल्यासारखा केला.

2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याकडे परतीचा पाऊस हटलाच नव्हता. छाटणी झालेली, कोवळे घड बाहेर पडलेले, आणि ते गळाले. डाऊनी नावाची बुरशी इतकी की पानं पांढरी. त्या वर्षी बागेतून एक क्रेट निघाला नाही. धाकट्या काकांनी तेव्हाच त्यांचा तुकडा विकला.

“किती?” अण्णांनी विचारलं.

बेचाळीस युरो. रुपयांत सांगितल्यावर त्यांनी हिशोब केला. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात, हे त्यांनी शनिवारीच विचारून ठेवलं होतं. “सव्वा किलोचे चार हजार,” ते म्हणाले आणि खिशात हात घातला.

“अण्णा, तुम्ही पीत नाही.”

“पिणार कोण आहे? त्या सालचं घरात काही नाही आपल्या.”

आईनं ती बाटली स्वतःच्या दोन नऊवारींमध्ये गुंडाळली, वरून स्वेटर, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. घाट उतरेपर्यंत अण्णा बागांच्या ओळी मोजत होते, मोठ्यानं.